ओढील खरी, थांबवील काय?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस बेळगावहून परतताना अनमोडच्या घाटात आम्हांस एक चमत्कारिक वरात भेटली. पुढे एक धिप्पाड, नवी कोरी जीपवजा गाडी, मागे बंद पडलेली एक लहान मोटार आणि दोहोंच्या मध्ये हिरवट रंगाचा नायलॉनचा दोर, चांगला दहाबारा मीटर लांबीचा. होड्या बांधावयास वापरतात तसला. सपाटीवर दोर ताठ होता तोवर सारे ठीक चालले होते. उतार लागला तसा तो सैल पडून रस्त्यावर लोळू लागला, आणि पहिल्याच नागमोडी वळणावर पुढच्या गाडीने वेग आवरला तेव्हा मागच्या मोटारीला तो आवरता आला नाही. ती सरळ पुढच्या गाडीच्या पाठीवर जाऊन आदळली. पत्रा आणि काच यांपलीकडे हानी झाली नाही हे दैव. खाली उतरलेले जीपवाले गृहस्थ मात्र पुनःपुन्हा एकच सांगत होते, "ओढायला हिला काहीच जड नाही हो, बैलासारखी ओढते!" ते खोटे बोलत नव्हते. ओढण्यात त्यांची गाडी यत्किंचितही उणी पडली नव्हती.

त्या गृहस्थांची जी समजूत तीच आज गोव्यातील बहुसंख्य मोटारमालकांची आहे, म्हणून हा विषय आम्ही अग्रलेखास घेत आहोत. बाजारभाषेत ज्यांना 'एसयूव्ही' म्हणतात अशा मध्यम आकाराच्या उंच गाड्यांचा गेल्या काही वर्षांत आपल्याकडे सुकाळ झाला आहे. त्यांपैकी कित्येकींच्या पाठीमागे लोखंडी दांडा आणि त्यावर चकचकीत गोळा बसविलेला असतो. त्या गोळ्याने जन्मात काही ओढलेले नसते. मागून कोणी धडकला तर बंपर वाचावा एवढ्याच हेतूने तो लावलेला असतो. (वस्तुतः अशा धडकेचा सारा जोर दांड्यावाटे थेट गाडीच्या सांगाड्यात उतरतो, आणि वाचलेल्या बंपराच्या किमतीच्या कित्येक पट खर्च पुढे उभा राहतो. पण तो निराळा विषय झाला.) मात्र प्रसंग पडला की तोच गोळा पाहून मालकाला स्फुरण चढते. घाटात बंद पडलेली स्नेह्याची मोटार, मोरजीच्या वाळूत रुतलेले पर्यटकाचे वाहन, कळंगुट-बागा भागातील जलक्रीडेची होडी लादलेला ट्रेलर, काहीही असो, जोडा आणि ओढा. गाडीने जागा सोडली म्हणजे ती समर्थ ठरली, असा हा सोपा न्याय आहे.

हा न्याय मुळातच चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ओढण्याची क्षमता म्हणून जो आकडा कारखानदार देतात तो इंजिनाच्या जोराचा आकडा नव्हे. ओढलेले ओझे थांबविणे, वळणावर ताब्यात ठेवणे, उतारावर धरून ठेवणे आणि हे सर्व तासन्‌तास तापल्या हवेत करूनही यंत्राचा कोणताही भाग निकामी न होणे, या सगळ्यांचा तो हिशेब असतो. आजच्या दोन-सव्वादोन लिटरच्या डिझेल इंजिनाला दोन टन ओझे सपाटीवर हलविणे मुळीच कठीण नाही. कठीण आहे ते पुढचे.

याचा पुरावा कारखानदारांच्याच आकड्यांत आहे. टोयोटाची 'फॉर्च्युनर' आपल्या रस्त्यांवर सर्वांच्या परिचयाची आहे. ऑस्ट्रेलियात हीच गाडी विकताना कंपनीने तिची ओढण्याची क्षमता ३,१०० किलो सांगितली. पण हा आकडा ज्या ट्रेलराला स्वतःचे ब्रेक आहेत त्याच्यापुरता आहे. ट्रेलराला ब्रेक नसतील तर तीच गाडी, तेच इंजिन, तोच सांगाडा, आणि क्षमता ७५० किलो! आपल्या देशात तयार होणारी महिंद्राची 'स्कॉर्पिओ-एन' २०२३ साली ऑस्ट्रेलियात गेली. तिचे आकडे तेथे ब्रेक असलेल्या ट्रेलरासाठी २,५०० किलो आणि ब्रेक नसलेल्यासाठी पुन्हा ७५० किलो असेच आहेत. इंजिनाच्या जोरावर क्षमता ठरत असती तर ट्रेलराच्या ब्रेकांमुळे ती तिपटी-चौपटीने बदलण्याचे कारण काय होते? वाचकांनी या एका प्रश्नाचा विचार केला तरी आमच्या म्हणण्याचा गाभा त्यांच्या ध्यानी येईल.

अमेरिकेत तर मोटारीमागे होडी अथवा फिरते घर जोडून सुट्टीस जाणे हा घरोघरचा रिवाज. तेथे दीर्घकाळ प्रत्येक कंपनी आपल्याला सोयीचा आकडा जाहीर करीत असे आणि शेजाऱ्याहून आपला आकडा मोठा कसा दिसेल याची चढाओढ चाले. अखेर तेथील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने २००८ साली 'जे २८०७' या क्रमांकाची एक कसोटी ठरवून दिली. ॲरिझोना आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीवर डेव्हिस नावाचे धरण आहे. तेथून निघणारा सुमारे १८ किलोमीटरांचा चढ या कसोटीला आधारभूत धरला आहे. पारा १०० अंश फॅरनहाइटवर, गाडीतील वातानुकूलन पूर्ण जोरात, मागे जाहीर केलेल्या वजनाचा ट्रेलर, आणि तरीही वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर उभी गाडी पुनःपुन्हा हलवून दाखवावयाची. शिवाय तशाच उतारावर नुसत्या हँडब्रेकने ती सगळी जोडी धरून दाखवावयाची. टोयोटाने आपल्या २०११ च्या नमुन्यांपासून ही कसोटी प्रथम स्वीकारली, तेव्हा तिच्या काही गाड्यांची जाहीर क्षमता शेकडो पौंडांनी खाली आली. गाड्या त्याच होत्या. मोजणारा हात तेवढा प्रामाणिक झाला होता.

त्याच देशातील होंडाच्या 'पायलट' या मध्यम आकाराच्या गाडीचे उदाहरणही बोलके आहे. चारही चाकांना शक्ती पोचविणाऱ्या नमुन्याची क्षमता ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२६८ किलो; दोनच चाकांना शक्ती देणाऱ्या नमुन्याची ३,५०० पौंड, म्हणजे १,५८८ किलो. इंजिन दोन्हींत एकच. तेव्हा अमक्याच्या गाडीने ओढले म्हणून तमक्याची त्याच नावाची गाडीही ओढील, असे समजण्यात अर्थ नाही.

परंतु हा आकडा हाती आला तरी काम संपत नाही. तो आकडा बहुधा जवळजवळ रिकाम्या गाडीचा असतो, आणि आपल्याकडे रिकामी गाडी ही कल्पनाच दुर्मीळ! उदाहरणार्थ, एका गाडीचे स्वतःचे वजन १,९०० किलो आणि माणसांसामानासह तिला परवानगी असलेले कमाल वजन २,५०० किलो आहे असे धरू. चतुर्थीला गावी निघालेली सात माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तर ४५५ किलो तेथेच झाले. माटोळीचे सामान, नारळ, पिशव्या, ट्रंका मिळून ८० किलो. शिल्लक राहिले ६५. आता मागे १,००० किलोंचा ट्रेलर जोडला तर त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १०० किलो, जोडाच्या जागी गाडीच्या पाठीवर टेकतो. ओढण्याची क्षमता कागदोपत्री दोन टन असली तरी ही गाडी हजार किलोंनाच मर्यादा ओलांडून बसली. मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात, सुकाणूला पकड राहत नाही आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

जोडावर टेकणाऱ्या या भाराविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. कारण पुस्तकात क्लिष्ट वाटणारी ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना पूर्ण ठाऊक होती. बैलगाडी भरताना गाडीवान ओझे कोठे पडते हे डोळ्यांत तेल घालून पाही. मागे अधिक पडले तर गाडी उलाळ होई. जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई आणि जोते गळ्याला आवळत. पुढे अधिक पडले तर बैलांच्या खांद्यांना घट्टे पडत. म्हणून चालू लागण्यापूर्वी तो जुवाखाली हात घालून तोल अजमावी. ट्रेलराचे शास्त्र याहून वेगळे नाही. ओझ्याचा साठ टक्के भाग चाकांच्या आसाच्या पुढे हवा, जोडावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार हवा, असे अमेरिकेत सांगतात; युरोपात हे प्रमाण याहून कमी धरतात व वेगाची मर्यादाही कडक ठेवतात. ट्रेलर उलाळ झाला तर बैल गुदमरत नाही, पण ट्रेलराचे शेपूट डावीउजवीकडे झोके घेऊ लागते. ताशी ५० च्या वेगाला जो झोका जाणवतही नाही तो ७० ला भीती घालतो आणि ९० ला संपूर्ण गाडी फिरवून रस्त्याच्या आडवी घालतो. अशा वेळी घाबरलेल्या माणसाचा पाय जोराने ब्रेकवर जातो. पुढची गाडी मंदावते, मागचे ओझे मंदावत नाही, आणि ते तिला ढकलत दोन्ही वाहनांची कातर करून टाकते. वेग वाढवून झोका काढण्याची युक्ती सांगणारेही तज्ज्ञ भेटतात. त्यांच्यापासून दूर राहावे. सुकाणू घट्ट व सरळ धरून वेगदाबीवरील पाय काढून घ्यावा आणि गाडी आपोआप मंदावू द्यावी. ट्रेलराचे ब्रेक स्वतंत्रपणे हाताने लावण्याची सोय असेल तर तेवढेच हळूच लावावे. आजच्या काही गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक व्यवस्था झोका ओळखून हे काम चालकाच्या आधी करते, हे खरे. पण चुकीचे भरलेले ओझे ती नीट भरून देत नाही.

आता घाटाकडे वळू. कारण गोवा हा किनारा असला तरी त्याच्या बाहेर पडणाऱ्या पूर्वेकडच्या वाटा घाटाच्याच आहेत. अनमोड असो, चोर्ला असो वा दक्षिणेस काणकोणाच्या वाटेवरचा करमळ घाट असो, चढताना इंजिन धापा टाकते म्हणून चालक सावध असतो. उतरताना सारे सुखाचे वाटते, आणि तेथेच घात होतो. दोन टनांची गाडी व दोन टनांचा ट्रेलर मिळून चार टन वजन ५०० मीटर उंचीवरून खाली आणावयाचे, तर साधारण साठ लिटर पाण्याला उकळी आणण्याइतकी उष्णता कोठे तरी जिरवावी लागते. थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायरांच्या घर्षणात. उरलेली एक तर इंजिनाने घ्यावयाची किंवा ब्रेकांनी. ज्या गियरमध्ये घाट चढला त्याच गियरमध्ये उतरावे, हा जुन्या ट्रकवाल्यांचा दंडक इंजिनाला आपला वाटा उचलावयास लावण्यासाठीच आहे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणारा महाभाग तो सारा वाटा ब्रेकांच्या गळ्यात घालतो. आणि ब्रेकांनी ते सोसावे तरी किती? सतत हलका पाय ठेवून उतरणाऱ्याचे ब्रेक थंड व्हावयास कधी उसंतच मिळत नाही. त्यापेक्षा खालच्या गियरमध्ये राहून थोडा वेळ घट्ट दाबावे, वेग पुरेसा उतरला की पाय पूर्ण काढावा, हे बरे.

यात आपल्या किनारपट्टीची एक खास अडचण आहे आणि तिची वाच्यता क्वचितच होते. ब्रेकच्या नळ्यांतील तेल हवेतील दमट शोषून घेते. नव्या, कोरड्या 'डॉट ३' जातीच्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. तेच तेल पाण्याने दूषित झाले म्हणजे प्रमाणित किमान मर्यादा १४० अंशांवर येते. 'डॉट ४' चे हेच आकडे २३० व १५५. आमच्याकडे चार महिने भिंतींना बुरशी येते, पापड मऊ पडतात, मिठाला पाणी सुटते. तेथे दोनतीन वर्षे न बदललेल्या ब्रेकच्या तेलाने किती पाणी घेतले असेल याचा विचार करावा. तापलेल्या नळीत ते पाणी उकळले की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. चालकाचा पाय तळापर्यंत जातो व ब्रेक लागत नाही. त्या क्षणी मागे दोन टन ओझे असेल तर काय घडेल हे सांगावयास नको. इंजिनाचे तेल वेळेवर बदलणारे लोक ब्रेकचे तेल मात्र गळाल्याशिवाय पाहत नाहीत.

बंद पडलेली मोटार दोराने ओढणे हा तर याहून धोक्याचा प्रकार, कारण येथे मागच्या वाहनात माणूस बसलेला असतो. मागच्या मोटारीचे इंजिन बंद असते म्हणून ब्रेकला मदत करणारा बूस्टर एकदोनदा पाय दाबताच रिता होतो. नंतर पायाखाली दगड ठेवल्यासारखे वाटते. ब्रेक मोडलेला नसतो, पण तो लावावयास तिप्पट-चौपट जोर लागतो, आणि हे ठाऊक नसलेला माणूस ब्रेक गेला म्हणून हातपाय गाळतो. सुकाणूही तसेच जड होते. त्यातून कोणी किल्ली काढून खिशात टाकली तर सुकाणूला कुलूपच बसते. अनमोडच्या त्या मोटारीत नेमके काय घडले असावे हे यावरून कळून येईल.

आपल्या कायद्याने या बाबतीत मौन पाळलेले नाही. १९८९ साली केलेल्या रस्त्याच्या नियमांत ओढावयाच्या वाहनासंबंधी पुरेशी स्पष्ट तरतूद होती. बिघडलेले वाहन जवळच्या गॅरेजपर्यंत अथवा पेट्रोलपंपापर्यंत ओढावे. त्याच्या चालकाच्या जागी परवानाधारक माणूस हवा, नाहीतर त्याची सुकाणूची चाके क्रेनने उचलून धरलेली हवीत. दोन वाहनांतील अंतर पाच मीटरांहून अधिक नसावे. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी असावी. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या पाठीवर पांढऱ्या पृष्ठभागावर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत तशी सूचना असावी. आणि वेग ताशी २४ किलोमीटरांहून अधिक नसावा. २०१७ साली या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली, पण मूळचे शहाणपण काही जुने झालेले नाही. पाच मीटर आणि चोवीस किलोमीटर! गोव्याच्या महामार्गावर दहाबारा मीटरांच्या दोराने पन्नास-साठच्या वेगाने पळविलेल्या मोटारी आम्ही किती पाहिल्या याची गणती नाही. पाठीवर सूचना लावलेली मात्र एकही पाहिल्याचे स्मरत नाही.

खरे विचाराल तर घाटात दोर बांधूच नये. सपाटीवर, थोड्या अंतरासाठी, दुसरा उपायच नसेल तर गोष्ट वेगळी. उतारावर दोर म्हणजे नुसता देखावा होय. तो ओढतो, रोखत नाही. लोखंडी दांडा निदान दोन्ही कामे करतो. स्वयंचलित गियरच्या, चारचाकी शक्तीच्या व विजेवर चालणाऱ्या गाड्या तर चालती चाके जमिनीवर ठेवून ओढल्यास त्यांच्या गियरपेटीची किंवा मोटरची वाट लागू शकते. विजेच्या गाडीची चाके फिरली की तिची मोटर उलट वीज निर्माण करू लागते. अशा वाहनांसाठी सपाट पाठीची क्रेनगाडीच बोलवावी. आता बहुतेक विमा कंपन्या रस्त्यावरील मदतीची सोय थोड्या अधिक हप्त्यात देतात. ती सोय घेणारे पुष्कळ आहेत. ऐन वेळी तिची आठवण होऊन दूरध्वनी करणारे थोडे.

वाळूत रुतलेल्या गाड्यांविषयी सहानुभूती बाळगणे आम्हांस जड जाते, कारण किनाऱ्यावर वाहन नेण्यास मुळातच बंदी आहे. तरीही दर हंगामात पाहुण्यांच्या गाड्या रुततात, भरती चढू लागते आणि जवळच्या कोणा जीपवाल्याला हाक जाते. मग दोर सैल सोडून, धाव घेऊन, झटक्याने ओढण्याचा खेळ सुरू होतो. असा ताणलेला दोर तुटला अथवा त्याचे टोक बांधलेले लोखंड निसटले तर ते बंदुकीच्या गोळीच्या आवेगाने येते. मागे लावलेला शोभेचा गोळा झटके सोसण्यासाठी केलेलाच नसतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशात असा गोळा उडून माणसे प्राणास मुकली आहेत, आणि तेथील वाहनचालकांना याविरुद्ध वारंवार बजावले जाते. आपल्याकडे भोवती बघ्यांचे रिंगण असते, लहान मुले दोराजवळ उभी असतात आणि कोणी तरी त्याचे चित्रीकरण करीत असतो. रुतलेल्या चाकांपुढची वाळू फावड्याने काढून, टायरांतील हवा बरीच कमी करून, चाकांखाली फळ्या अथवा झावळ्या घातल्या तर निम्म्या गाड्यांना दोराची गरजच पडणार नाही. रापणीची होडी मेढींवरून सरकविणाऱ्या आपल्या रापणकारांना वाळूचा हा स्वभाव कोणी शिकवावा लागत नाही. दोर बांधावाच लागला तर गाडीला कारखान्याने दिलेल्या ओढकड्यातच बांधावा, मधोमध एक जड गोणपाट टाकावे म्हणजे तुटलेला दोर खाली पडतो, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणालाही उभे राहू देऊ नये.

राहता राहिला होड्यांच्या ट्रेलरांचा प्रश्न, आणि आमच्या मते गोव्याच्या दृष्टीने हाच सर्वांत निकडीचा आहे. मोटारीमागे जोडला जाणारा ट्रेलर हे मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने नोंदणी करावयाचे वाहन आहे. आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांक ट्रेलराच्या मागेही दिसला पाहिजे, असे १९८८ चा कायदा सांगतो. किनारपट्टीवर फिरणाऱ्या कित्येक ट्रेलरांवर कोणताच क्रमांक दिसत नाही. गावातल्या लोहाराकडून अथवा वेल्डिंगच्या दुकानातून सांगाडा करून घ्यावयाचा, जुन्या मोटारीचा आस व चाके बसवावयाची, ब्रेक व मागचे दिवे यांचा विचारही करावयाचा नाही, अशी त्यांची घडण. आम्ही त्या लोहारांच्या कसबाला नावे ठेवीत नाही. त्यांना वजन किती, वेग किती, ब्रेक कोणते हे सांगणारेच कोणी नसते. त्यावर भर म्हणून हे ट्रेलर रोज खाऱ्या पाण्यात बुडतात. रस्त्यावरून तापून आलेले चाकाचे बेअरिंग एकदम पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी आत ओढले जाते. काही महिन्यांत ग्रीसचा चिखल होतो, बेअरिंग धरते, आणि एखाद्या दिवशी चाकच निखळून पुढे धावते. पाण्यात घालण्यापूर्वी चाके हाताला थंड लागेपर्यंत थांबावे, बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने धुवावे, ग्रीस वारंवार बदलावे. या कामाला पैसा फारसा लागत नाही. पण गिऱ्हाईक रांगेत उभे असताना पंधरा मिनिटे कोण थांबतो?

तेव्हा दोष एकट्या चालकाचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातील ग्राहकाला ज्या गाडीची ओढण्याची क्षमता किलोपर्यंत सांगितली जाते, त्याच गाडीच्या आमच्या पाहण्यात आलेल्या देशी जाहिरातींत इंजिनाचा जोर, छतावरील काच, पडद्याची लांबीरुंदी यांची वर्णने रंगवून केलेली असतात, पण या आकड्याचा मागमूस नसतो. परदेशातील आकडा येथे तसाच लागू करता येत नाही. स्प्रिंगा, गियर, थंडाव्याची व्यवस्था देशोदेशी निराळी असू शकते. म्हणूनच येथील गाडीचा येथील आकडा हवा, आणि क्षमता शून्य असेल तर तसे स्पष्ट छापलेले हवे. म्हापशाच्या किंवा मडगावच्या ग्राहकाने तो विक्रेत्याकडे लेखी मागावा. लेखी उत्तर मिळेपर्यंत गाडीमागे काहीही जोडू नये, आणि विमापत्रातील ओढण्यासंबंधीच्या अटीही डोळ्यांखालून घालाव्या. अपघातानंतर त्या प्रथमच वाचण्यात काही हशील नसते.

वाहतूक खात्याकडे आमचे मागणे फार मोठे नाही. मोले येथील नाक्यावर पाच मीटरांहून लांब दोर बांधून घाटात जाऊ पाहणाऱ्यांना थांबवून ठेवावयास आणि क्रेनगाडीचा दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लावावयास कोणत्याही नव्या कायद्याची जरुरी नाही. किनाऱ्यावरील ट्रेलरांची पाहणी करून ज्यांना नोंदणी, ब्रेक वा दिवे नाहीत ते बाजूस काढावयासही नाही. पावसाळ्याचे महिने हे सर्व ट्रेलर माडांच्या बुंध्याशी पालथे पडलेले असतात. चतुर्थी आटोपली की त्यांवरची झापे निघतील, चाकांत हवा भरली जाईल आणि ऑक्टोबरात पाहुणे येऊ लागतील. पाहणीला तेवढे आठवडे मोकळे आहेत.